टर्बो-मॅनिफोल्ड लीकेजच्या तक्रारीवर गॅरेजचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या २००८ सालच्या डिझेल पिकअपचे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा भाग) आणि मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून टर्बोत नेणारा भाग) यांच्या जोडातले लीकेज काढण्यासाठी आम्ही दोन दिवस गाडी ठेवून घेतली, ६,४०० रुपये बिल केले आणि तरीही तीन आठवड्यांत फटफट आवाज पुन्हा सुरू झाला. शिवाय फटी बुजवायच्या लाल सिलिकॉनच्या एका ट्यूबने भागणारे काम आम्ही विनाकारण वाढवले, असे आपण लिहिले आहे. आवाज पुन्हा आला ही चूक आमची आहे, ती आधी मान्य करतो. सिलिकॉनबद्दल मात्र आपले म्हणणे आम्हाला पटत नाही.

जोड उघडला तेव्हा त्यात सिलिकॉन आधीपासूनच होते. कोणीतरी पूर्वी भरलेले, जळून भुकटी झालेले, बोट फिरवताच गळून पडणारे. भरलेली गाडी आंबा घाट चढत असताना टर्बोत शिरणारा धूर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असू शकतो, आणि चांगल्या प्रतीचे लाल सिलिकॉनसुद्धा साधारण ३०० ते ३५० अंशांपर्यंतच टिकते. त्यातून फ्लँजच्या (जोडाच्या चपट्या कडेच्या) आत आलेला कडक तुकडा सुटला, तर तो मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. म्हणून या जोडात आम्ही सिलिकॉन लावत नाही.

दोष मॅनिफोल्डच्या तोंडातच होता. बीडाचे ४० सेंटिमीटर लांबीचे मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापले की सुमारे २ मिलिमीटर वाढते आणि निवताना तेवढेच आखडते. वर्षानुवर्षे हे चालले की स्टड (जोड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) ताणले जातात आणि तोंड वाकते. आपल्या मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवली, तर खालून ०.२५ मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायचे पातळ पाते) सहज जात होते आणि त्याच बाजूला काजळीचा काळा पट्टा उमटलेला होता. चारपैकी एक स्टड आतच तुटला होता. त्यावर नट वेल्ड करून, थोडे थोडे तापवून तो काढण्यात अर्धा दिवस गेला. त्यानंतर शिवाजी उद्यमनगरातून तोंडाचे फेसिंग करून (ते सपाट करून) आणले, चारही स्टड नवे घातले आणि जोडाच्या मध्ये स्टीलच्या थरांचे नवे गॅस्केट (फट बंद करणारी चकती) बसवले. दोन दिवस लागले ते यामुळे.

आम्ही चुकलो ते पुढे. सायलेन्सर पाइपला गिअरबॉक्सपाशी धरून ठेवणारी पट्टी आपल्या गाडीला नव्हती, आणि हे आमच्या लक्षात यायला हवे होते. ती नसली की पाइपचा सगळा भार आणि हादरे टर्बोच्या फ्लँजवर येतात व नट सैल पडतात. दुसरे असे, की ५०० किलोमीटरनंतर नट ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आहेत का, ते पुन्हा तपासून घ्यावे हे आम्ही आपल्या ड्रायव्हरला तोंडी सांगितले, बिलावर लिहिले नाही. तो निरोप आपल्यापर्यंत पोहोचला नाही, याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

कृपया गाडी संध्याकाळी आणून ठेवावी, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जोड उघडता येईल. तोंड पुन्हा तपासून नवे गॅस्केट आणि पट्टी आम्ही बसवून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत गरम इंजिनावर कोणाकडूनही नट आवळून घेऊ नयेत, आणि केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काचा बंद करून गाडी मुळीच चालवू नये.