मासा जित्ता होता, एवढाच पप्याचा पुरावा

मृगाचा पहिला दणका बसला की बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-शहापूरच्या शिवारात शिरतं आणि त्याच्याबरोबर चढणीचे मासेही येतात. पप्या जाळी घेऊन गेला होता. आला तो बादली मिरवत, थेट कट्ट्यावर. मास्तरांनी आत डोकावून एवढंच विचारलं, "कुठल्या पाण्यातले?" तिथनं जे पेटलं ते मावशीनं दुसरा चहा टाकला तरी विझलं नाही.

"पावसाचं पाणी हाय मास्तर, नवं."

"पाऊस नवा. नाला जुनाच की."

बेळगावबाहेरच्यांसाठी सांगतो. बळ्ळारी नाला हा एके काळचा ओढा. आता शहराचं सांडपाणी पोटात घेऊन शेतांमधनं वाहतो. पेपरात त्याचं नाव येतं ते भातशेती बुडाली की. त्यातल्या माशांबद्दल कुणी लिहीत नाही, खाणारे मात्र खातात.

पप्याचा मुद्दा एकच होता आणि ऐकायला बिनतोड होता. "विष असतं तर आधी मासाच मेला असता. हे बघा, उड्या मारायलाय." फौजींनी मान डोलावली. मलाही क्षणभर पटलं.

मास्तरांनी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. त्यांनी बादली जवळ ओढली. "यात काय काय हाय सांग. मांगूर, चिलापी, दोन मरळ. रोहू हाय काय? कटला? खवल्या?"

"न्हाई."

"का न्हाई? मांगूर आणि मरळ वर येऊन तोंडानं हवा घेतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्यांचं अडत न्हाई. चिलापी त्यांच्यासारखी हवा घेत न्हाई, खरं कमी ऑक्सिजनवर लई तग धरते. ज्यांना जमलं न्हाई ते कधीच गेले. तुझ्या बादलीत उरलेत ते नाला पचवणारे. त्यांच्या जिवंतपणावरनं पाणी चांगलं कसं ठरणार?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला तरी ठाऊक नव्हती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्या-तलावांच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केलेत. त्यातला 'ड' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठी. निकष तीन: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आंबट-खारटपणा) ६.५ ते ८.५, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. झालं. शिसं, कॅडमियम, पारा यांचा त्यात शब्द नाही. म्हणजे ही कसोटी मासा जगेल का एवढंच सांगते. तो खाणाऱ्याचं काय, हे तिच्यात विचारलेलंच नाही. सरकारी कसोटी आणि पप्याची कसोटी जवळपास सारखीच निघाली, आणि पप्यानं लगेच कॉलर ताठ केली.

"खुश होऊ नको," मास्तर म्हणाले. "जपानात मिनामाटाच्या लोकांनी उपसागरातला मासाच खाल्ला होता. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याआधी मांजरं झिंगल्यासारखी नाचून मरत होती. कारखान्याचा पारा पाण्यात, पाण्यातनं किड्यात, किड्यातनं माशात आणि माशातनं माणसात. दर पायरीला साठा वाढत गेला."

"आपल्याकडं कुठाय तसला कारखाना?"

इथं मास्तरांनी मान्य केलं, की मिनामाटा उचलून बळ्ळारी नाल्यावर ठेवता येणार नाही. मला हे बरं वाटलं. प्रत्येक गटाराला मिनामाटा म्हटलं की खरं सांगणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. पण तात्या, ज्यांची हयात टर्निंग शॉपमध्ये गेली, ते हळूच म्हणाले, "जळकं ऑइल, कूलंट, प्लेटिंगचं पाणी, जुन्या बॅटऱ्या... शहरात हे सगळं शेवटी कुठं जातंय असं वाटतं तुम्हाला?" कुणी उत्तर दिलं नाही.

फौजींनी बाजू बदलली नाही. कलकत्त्याला पोस्टिंग होतं तेव्हाचं त्यांनी काढलं. "पूर्व कलकत्त्याची अख्खी पाणथळ सांडपाण्यावर मासे पिकवते. साडेबारा हजार हेक्टर. २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत हाय. तिथला मासा रोज शहरात विकला जातोय. आम्ही मेसमध्ये खाल्लाय. मेलो काय?"

हा दिवसातला सगळ्यात चांगला मुद्दा होता. पण फरक त्यांच्याच वर्णनातनं बाहेर आला. तिथं सांडपाणी उथळ तळ्यात घेतात, ऊन लागू देतात, शेवाळ धरतं, घाण कुजून बसते, आणि मग त्या पाण्यावर मासा वाढतो. माणसाच्या घाणीतले जंतू ऊन, काळ आणि शेवटी चुलीवरची उकळी यांना बऱ्यापैकी शरण जातात. तळं कुणाच्या तरी ताब्यात असतं, तो पाण्याकडं बघत असतो. आपल्या नाल्यात काल रात्री कुणी काय ओतलं, हे पप्याला कसं कळणार?

मावशी इतका वेळ गप्प होती. "हळद-मीठ लावून दोनदा धुतला, पोट साफ काढलं, चिंच घातली, की वास जातो. मी करते की."

वास जातो हे खरंच आहे. माशाला चिखलाचा जो दर्प येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि आंबटानं तो मोडतो. आपल्या आज्यांना हे नावाशिवाय माहीत होतं. आतडी, कल्ले, काळीज काढून टाकणंही शहाणपणाचं, कारण जंतू आणि बरेचसे धातू तिथंच जास्त साठतात. पारा मात्र मांसात भिनतो. तो धुऊन जात नाही, उकळून मरत नाही, चिंचेला भीक घालत नाही. उलट वास गेल्यानं खाणारा निर्धास्त होतो.

मावशीनं चहा गाळता गाळता विचारलं, "आणि पोटुशी असली तर?"

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. "तिला आणि लहान पोरांना नाल्यातला मासा अजिबात नको. वाढत्या मेंदूला थोडकंही पुष्कळ होतं." मावशीची भाची बाळंतपणाला आलीय, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पप्या एवढ्यात हरणारा नव्हता. "मग त्याच पाण्यावरची मेथी-पालक बाजारात घेताय ती? तेव्हा न्हाई विचारत कुठल्या पाण्यातली!" याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. मासा डोळ्यादेखत नाल्यातनं येतो म्हणून बदनाम, भाजी टोपलीतनं येते म्हणून सोवळी. पप्याचा हा टोला मी त्याच्या खात्यावर जमा करतो.

"म्हणून मी समुद्राचाच खातो," तात्या म्हणाले. त्यावर २०१८ सालचं फॉर्मेलिन निघालं, म्हणजे मासा टिकवायला लावतात असा संशय होता ते रसायन. त्या जुलैत गोव्यात एवढी बोंब झाली, की बाहेरून येणारा मासाच सरकारनं काही दिवस बंद केला होता. आणि समुद्रातही मोरी (शार्क), मोठी सुरमई असले शिकारी मासे पारा साठवतातच. बांगडा-तारली त्या मानानं बरी. चिकोडीकडचा एकजण म्हणाला, आमच्याकडं तर पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत मिसळून येते, आणि तिच्यावरच्याच तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. मेलेला, पाण्यावर तरंगणारा मासा उचलू नये, यावर मात्र कट्ट्याचं एकमत झालं. पप्यासकट.

माझं मत विचाराल तर सगळा खेळ किती आणि किती वेळा यावर आहे. वर्षातनं एकदा, मृगाच्या हौसेनं, लहान चिलापी नीट साफ करून आणि खरपूस शिजवून खाणाऱ्याची मला फार काळजी वाटत नाही. मी स्वतः मात्र तीही खाणार नाही. काळजी वाटते ती नाल्याकाठच्या झोपडीतल्या घराची. तिथं फुकटचा मासा आठवड्यातनं चारदा शिजतो आणि पोरंही तोच खातात. त्यांच्या ताटातला मासा कुणी तपासून बघत नाही.

आणि मोठा मांगूर नकोच. तो वर्षानुवर्षं मिळेल ते खात मोठा झालेला असतो. त्यातला आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. तरी तो नाल्यात आहे.

"बरं, हा एवढा मोठा मांगूर तू घरी नेणार?" फौजींनी विचारलं.

"छ्या! आमची आई घरात घेत न्हाई," पप्या बादली उचलत म्हणाला. "चिलापी आम्हाला. मांगूर खानावळवाला नेतोय. किलोवर पैसे देतो, मसाल्यात काय कळत न्हाई म्हणतो."

"कुठली खानावळ?"

पप्या हसला आणि गाडीला किक मारली.

"अरे, कुठली खानावळ मर्दा?" आता तात्या उठून उभे राहिले होते. बुधवारी ते बाहेर जेवतात.