आमदाराचे मत आणि फेरनिवडीची धास्ती: एका फिरत्या दाव्याला उत्तर

समाजमाध्यमांवर सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे आणि नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने तो अधिकच वाचला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आमदार सभागृहात मत देतो ते पुन्हा निवडून येण्याच्या धास्तीने, निवडणूक लांब असते तोवर तो मनासारखे वागतो आणि ती जवळ आली की मतदारांच्या मर्जीप्रमाणे, म्हणून कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा निवडणूक लढवू देऊ नये, म्हणजे निदान दुसऱ्या खेपेस तरी तो सदसद्विवेकबुद्धीने मत देईल. आधार म्हणून अमेरिकी सिनेटवरील अभ्यासांचा दाखला दिलेला आहे.

तो दाखला खोटा नाही. सिनेटच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांची निवडणूक होते, त्यामुळे एकाच विधेयकावर मत देणाऱ्यांपैकी कोणाची निवडणूक तोंडावर असते, तर कोणाची दूर. आयात खुली करण्याच्या विधेयकांवर निवडणूक जवळ आलेले सदस्य देशी उद्योगांना संरक्षण देण्याकडे अधिक झुकतात आणि निवृत्त होणाऱ्यांत हा कल दिसत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. पण हे आढळू शकले याचे कारण तेथे अशा विधेयकांवर प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले जाते आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्याची जागा जात नाही. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत आणि दाव्याची खरी अडचण येथेच सुरू होते.

आमदार मतदारांकडे पाहून मत देतो, असे म्हणताना ते मत मतदाराला दिसते हे गृहीत धरले आहे. विधेयक मताला टाकताना अध्यक्ष अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, दोन्ही बाकांवरून आवाज उठतो, ‘होय’चे बहुमत असल्याचे जाहीर होते आणि कामकाज पुढे सरकते. कोण काय म्हणाले, कोण गप्प बसले आणि कोण उपाहारगृहात होते, याची नोंद या आवाजी मतदानात राहत नाही. किरकोळ विधेयकांपुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या अल्पमतातील सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव असाच आवाजी मतदानाने संमत झाला आणि मतविभागणीची, म्हणजे प्रत्येकाचे मत मोजून नोंदवण्याची, मागणी करणाऱ्या विरोधकांनी त्यावर गदारोळ केला. जे मत नोंदलेच जात नाही, त्याबद्दल मतदार पाच वर्षांनी जाब कसा विचारणार?

नोंद झाली तरी ते मत आमदाराचे स्वतःचे असतेच असे नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेशाविरुद्ध (व्हीपविरुद्ध) मत दिल्यास किंवा मतदानाला गैरहजर राहिल्यास, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ न केल्यास, सदस्यत्व रद्द होऊ शकते. पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांनी अपात्र न ठरता फुटून निघण्याची सवलतही २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेली. विदर्भाचे ६२ आमदार एखाद्या प्रश्नावर मनाने एक असले, तरी सभागृहात ते आपापल्या प्रतोदाच्या, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या, आदेशाने बसतात. पहिल्या खेपेचा असो वा पाचव्या, व्हीप सगळ्यांना सारखाच लागू असतो.

मग निवडणुकीचा दबाव नसतोच का? भरपूर असतो, पण तो मतदानाच्या कितीतरी आधी काम करतो. मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयावरची लक्षवेधी सूचना, जादा खर्चाच्या पुरवणी मागण्यांत आपल्या तालुक्याच्या रस्त्याची ओळ, ही त्याची खरी ठिकाणे आहेत. लक्षवेधीवर बोलतानाची चित्रफीत संध्याकाळपर्यंत मतदारसंघात पोहोचते, ती काही उगाच नव्हे. अधिवेशनकाळात नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चेकऱ्यांना हे नेमके ठाऊक असते. शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्याकडे जाते. अमुक विधेयकावर अमुक मत द्या, असे साकडे ते आपल्या आमदाराला क्वचितच घालते.

सरकारी कर्मचारी आणि शिक्षक मागत असलेल्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेचे उदाहरण तर नागपुरातलेच आहे. डिसेंबर २०२२ च्या येथील अधिवेशनात फडणवीस यांनी उपमुख्यमंत्री म्हणून ही योजना परत आणण्यास स्पष्ट नकार दिला. जानेवारीत विधानपरिषदेच्या शिक्षक मतदारसंघांची निवडणूक आली, तेव्हा प्रचारात सरकार या मागणीबाबत नकारात्मक नसल्याचे ते सांगू लागले. नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार तरीही सुधाकर अडबाले यांच्याकडून हरले. सरकारची भाषा महिन्याभरात बदलली आणि त्यासाठी सभागृहात एकही मत पडावे लागले नाही.

निवडणूक जवळ आली की मते बदलतात, हा मुद्दाही तपासण्याजोगा आहे. मराठा आरक्षणाची विधेयके नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे दोन्ही वेळा लोकसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, एकमताने संमत झाली. विधेयक केव्हा आणायचे, यावर निवडणुकीची छाप उघड दिसते. मात्र सगळेच ‘होय’ म्हणत असतील, तर कोण धास्तीने म्हणाला आणि कोण विवेकाने, हे त्या मतावरून ओळखता येत नाही.

राहिला दोनच खेपांच्या मर्यादेचा उपाय. मेक्सिकोने तो दीर्घकाळ करून पाहिला आहे. १९३३ पासून तेथे खासदारांच्या लागोपाठ फेरनिवडीला बंदी होती आणि ती २०१४ च्या घटनादुरुस्तीने उठवली गेली. मतदारांकडे परत जायचेच नसल्यामुळे तेथील प्रतिनिधी पुढचे पद ज्यांच्या हाती, त्या पक्षनेतृत्वाशी आणि राष्ट्राध्यक्षांशी अधिकच बांधला गेला. आपल्याकडे दोन खेपा संपलेल्या आमदाराला महामंडळ, विधानपरिषद किंवा मुलासाठी तिकीट हवे असेल, तर तो कोणाचे तोंड पाहील, हे सांगायला ज्योतिषी नको. विधानपरिषदेसाठी आमदार गुप्त मतदान करतात, तेव्हा पक्षादेशाचा धाक जवळजवळ उरत नाही, पण म्हणून ते मत विवेकानेच पडते असे नाही. जुलै २०२४ च्या त्या निवडणुकीत काँग्रेसची मते फुटली, आणि विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर असताना फुटणाऱ्यांची नजर पुढच्या तिकिटावर होती, असे मानायला बरीच जागा आहे.

आमदाराचे मत मोकळे करायचे असेल, तर त्याची नेमकी सूचना १९९० मध्येच निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने केली होती: पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास-अविश्वासाचा ठराव, अर्थविषयक विधेयक आणि अभिभाषणावरील आभारप्रस्ताव यांपुरतीच ठेवावी. तिला प्रत्येक विधेयकावर नावानिशी नोंदीची जोड दिली, तर मजकूर लिहिणाऱ्याला हवा असलेला आमदार मिळण्याची काही शक्यता आहे, आणि त्यासाठी कोणाच्या खेपा मोजाव्या लागत नाहीत.