सोलापूरच्या उन्हात रोपांना आठ दिवस कशासाठी?

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लावणीआधी आठ दिवस भाजीची रोपं थोडी थोडी उन्हात काढावीत आणि पाणी कमी करावं, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, हे थंड मुलखातलं खूळ आहे, तिकडे हिम पडतं म्हणून त्यांना गरज. तुमच्या आई गादीवाफ्यातली रोपं उपटून सरळ सरीत लावायच्या आणि ती जगायची. शिवाय कोवळ्या रोपाला तहानेलं ठेवणं तुम्हाला पटत नाही.

थंडीचं बरोबर आहे. होळी जळाली, थंडी पळाली. आपल्या रोपाला धाक आहे तो उन्हाचा आणि कोरड्या वाऱ्याचा. मार्चच्या दुपारी पारा 37-38 अंशांवर जातो आणि काळं रान तापतं ते वेगळंच.

पण आईंची रोपं वाढायची कुठे? उघड्यावर. उगवण झाली की वरचं गवत काढलं, त्या दिवसापासून ऊन-वारा अंगावर. आमच्या सासूबाईही वांगी-मिरचीचं रोप असंच करायच्या. उपटायच्या चार-पाच दिवस आधी वाफ्याचं पाणी तोडायच्या आणि आदल्या दिवशी भिजवायच्या, मुळं तुटू नयेत म्हणून. मी सांगते ते याहून निराळं नाही. बदललं ते रोपाचं बालपण. आता ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या ट्रेमध्ये, पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली वाढतं. निम्म्या उजेडात पानावरचा मेणचट थर पातळ राहतो, दांडा उजेडाच्या ओढीने लांबतो. असं रोप एकदम उन्हात नेलं की मुळं देतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीअखेर घरात कार्य होतं. त्या घाईत मी वांग्याचे 98 कप्प्यांचे दोन ट्रे नेटखालून थेट रानात नेले. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके चट्टे, बोटांत धरले तर वाळल्या कागदासारखे चुरचुरणारे. रोग म्हणून फवारणीची तयारी केली, तेव्हा सासूबाईंनी पान उलटून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे उन्हानं भाजलंय." साठेक रोपं गेली. त्याच बियाण्याचा एक ट्रे जागा नव्हती म्हणून आधीपासून गोठ्याच्या वळचणीला पडून होता, सकाळचं ऊन खात. त्यातली रोपं बोटभर बुटकी, पण दांडा जाड आणि जांभळट, पान गडद. लावल्यावर दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. त्यातलं एकही गेलं नाही.

पाण्याबाबत मात्र तुमची शंका रास्त आहे, माझंच लिहिणं अपुरं होतं. "पाणी निम्मं करा" हे वाफ्याला चालतं, ट्रेला नाही. कप्प्यात माती मूठभरही नसते. शिवाय कोकोपीट एकदा पार वाळलं की पाणी लवकर धरत नाही, ते कडेने निसटतं आणि मुळांभोवतीचा गड्डा आत कोरडाच राहतो. म्हणून सकाळी पोटभर पाणी द्यावं आणि पुढचं पाणी पान जरा मलूल दिसेपर्यंत लांबवावं. ट्रे उचलून हलका लागला तर मात्र थांबू नये. ताण म्हणजे एवढाच. या आठवड्यात युरिया किंवा 19:19:19 हे विद्राव्य खत देऊ नये, कोवळी फूट निघते. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच करते.

तुमची मिरची शनिवारी लावायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती नेटखालीच असेल तर पाच-सहा दिवस पुढे ढकला. आधी दोन दिवस नऊ-दहापर्यंतचं ऊन, मग अकरा-बारापर्यंत, शेवटचे दोन दिवस दिवसभर आणि रात्रीही बाहेरच. वारं सुटलं तर पश्चिमेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करा. लावणी ऊन कलल्यावर करा, लगेच पाणी द्या, आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं पाणी, तिसऱ्या दिवशी. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला म्हणून जो ट्रे मागे ठेवाल, तोही नेटखाली परत नेऊ नका.