दहा आणि सात नंबर परत मैदानात आणा

सचिनचा १० आणि धोनीचा ७ हे दोन नंबर आपल्या क्रिकेट बोर्डानं बंद करून टाकलेत, आणि विराट टेस्टमधून थांबल्यापासून १८ चंही तेच करा म्हणून लोक मागे लागलेत. मला हे अजिबात पटत नाही. सांगलीत माझं जर्सी छापायचं दुकान आहे, दिवसभर नंबरांशीच गाठ असते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा आणि पटलं नाही तर खाली मोकळेपणानं भांडा.

टेनिस बॉलच्या स्पर्धांचा सीझन आला की व्हॉट्सअॅपवर याद्या यायला लागतात. नाव, साईज, हाफ हात का फुल, कॉलर का राऊंड नेक, आणि शेवटच्या रकान्यात नंबर. बाकीचे रकाने कप्तान एकटा भरतो. नंबराचा रकाना मात्र प्रत्येक पोरगा स्वतः भरतो आणि तिथंच गाडी अडते, कारण पंधरा जणांत तिघांना १८ हवा असतो. एका संघात दोन १८ छापले की स्कोअररची आणि यूट्यूबवर कॉमेंट्री करणाऱ्याची पंचाईत होते, म्हणून मी आधीच सांगतो, आपसात मिटवा आणि मगच यादी पाठवा. मग एक १८ घेतो, दुसरा ८१ आणि तिसरा रुसून ११८. पूर्वी आम्ही रेडिमेड टी-शर्टावर व्हिनाइलचे आकडे कापून हीट प्रेसनं चिकटवायचो. चार धुण्यांत ८ ची कड उचलायची आणि पोरं परत दुकानात यायची, "भाऊ, इस्त्री मारून द्या." आता सब्लिमेशनमध्ये नंबर कापडातच उतरतो, जर्सी फाटली तरी नंबर जात नाही.

या याद्यांत एक गोष्ट मला गेली काही वर्षं दिसतेय आणि ती मनाला लागते. १० मागणारी लहान पोरं कमी झालीत. जे मागतात ते बहुतेक तिशीच्या पुढचे. सरळ आहे. आज जो पोरगा बारा वर्षांचा आहे त्यानं समजायला लागल्यापासून निळ्या जर्सीच्या पाठीवर १० बघितलाच नाही. १० म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर मेस्सी येतो. ज्या नंबराचा मान राखायचा म्हणून तो बंद केला, तो नंबर पोरांच्या डोक्यातून पुसला चाललाय. हा कसला मान?

झालं काय होतं ते आठवा. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्दूल ठाकूर श्रीलंकेत पहिली वनडे खेळायला उतरला, पाठीवर १०. सोशल मीडियावर त्या पोरावर लोक तुटून पडले. पालघरहून लोकलनं मुंबईला सरावाला जाऊन इथवर पोचलेला मुलगा, आयुष्यातली पहिली वनडे, आणि चर्चा कशाची तर नंबराची. शेवटी त्याला ५४ घ्यावा लागला आणि बोर्डानं कुठलीही घोषणा न करता १० बाजूला ठेवून दिला. डिसेंबर २०२३ मध्ये ७ चीही तीच गत झाल्याची बातमी आली. मे २०२५ मध्ये विराटनं टेस्ट सोडली आणि महिना व्हायच्या आत मुकेश कुमार इंग्लंडमध्ये भारत 'अ' संघाकडून १८ घालून खेळला, तर त्याच्यावरही तोच शिमगा. मुकेशनं काय पाप केलं होतं?

खेळाडूचा कायमचा नंबर हवाच असेल तर तो आधीपासून आहे. टेस्ट कॅपचा. सचिनचा १८७, विराटचा २६९. हे नंबर पदार्पणाच्या क्रमानं मिळतात आणि जगाच्या अंतापर्यंत दुसऱ्या कुणाला मिळू शकत नाहीत. निवृत्त होताना विराटनं स्वतः २६९ च लिहिला होता. जर्सीचा नंबर ही वेगळी चीज आहे. क्रिकेटमध्ये तो आलाच मुळी १९९५-९६ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातल्या वनडे मालिकेत. वर्ल्डकपमध्ये १९९९ ला आला, आणि टेस्टच्या पांढऱ्या कपड्यांवर तर २०१९ च्या अॅशेसमध्ये. त्याच्या आधीचे लोक नंबराशिवायच मोठे झाले.

त्यातला एक आपल्या सांगलीचा. विजय हजारे, जन्म १९१५. जानेवारी १९४८, अॅडलेड. समोर ब्रॅडमनचा संघ, आणि हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात, लिंडवॉल आग ओकत असताना, १४५ काढल्या. एका टेस्टच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडवला, अर्थात २०१ झाल्यावर. भारतानं पहिली टेस्ट जिंकली ती १९५२ साली मद्रासला, कप्तान हजारेच. (आणि त्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ऑलिंपिकचं पदक आणलं. काय वर्ष असेल आपल्या भागासाठी!) हजाऱ्यांच्या पाठीवर आकडा नव्हता म्हणून त्यांचं काय अडलं? देशातली वनडे स्पर्धा आज त्यांच्या नावानं खेळली जाते. विक्रम टिकतो तो खेळाडूच्या नावावर.

आता १८ वर येतो. हा नंबर विराटनं मागून घेतलेला नाही, अंडर-१९ ला मिळाला तो चिकटला. १८ डिसेंबर २००६ ला त्याचे वडील गेले, १८ ऑगस्ट २००८ ला त्यानं भारताकडून पहिली मॅच खेळली, त्यामुळे त्या आकड्यात त्याचा जीव आहे आणि ते मी समजू शकतो. पण त्याच काळात आमच्या माधवनगरची एक डावखुरी मुलगी तोच नंबर घालून खेळत होती. स्मृती मानधनाचा वाढदिवस १८ जुलैचा, म्हणून तिचा १८. तिनं स्वतः हे स्पष्ट सांगितलंय आणि नंबर सारखा म्हणून विराटशी तुलना करू नका असंही सांगितलंय. तरी लोक "फीमेल कोहली" म्हणतात. सांगलीतले लोक म्हणतात तेव्हा तर मला फारच राग येतो. २०१३ साली, सतरा वर्षांची असताना, वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध अंडर-१९ च्या वनडेत तिनं नाबाद २२४ केल्या होत्या. वनडे सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय मुलगी. तेव्हा विराटनं टेस्टमध्ये द्विशतक केलेलंसुद्धा नव्हतं!

आणि २० सप्टेंबर २०२५ चा दिल्लीचा सामना तर मी दुकानात काम थांबवून बघितला. ऑस्ट्रेलियानं ४१२ ठोकलेल्या. त्या दिवशी आपल्या मुलींची जर्सी गुलाबी होती, स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी, आणि त्या गुलाबीवर १८. स्मृतीनं ५० चेंडूंत शतक केलं. भारताकडून वनडेतलं सगळ्यात जलद शतक तोवर विराटचं होतं, ५२ चेंडूंत, जयपूरला २०१३ साली, तेही ऑस्ट्रेलियाविरुद्धच. पुरुष-महिला दोन्ही धरून तो विक्रम मोडला तो १८ नंबरनंच, आणि विराटच्या घरच्या मैदानावर. ६३ चेंडूंत १२५ करून ती बाद झाली, सामना ४३ धावांनी गेला, तरी त्या संध्याकाळी इथं लोक एकमेकांना फोन करून सांगत होते.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. वनडेत एका वर्षात हजार धावा करणारी जगातली पहिली बाई, वर्ल्डकपमध्ये ४३४ धावा आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत कप हातात. सेमीफायनलला जेमिमानं ५ नंबर पाठीवर घेऊन नाबाद १२७ केल्या, त्या खेळीवर तर वेगळी पोस्ट लिहीन.

मुद्दा असा की एकच १८ दोन संघांत, दोन माणसांच्या पाठीवर इतकी वर्षं होता. त्यानं विराट लहान झाला का? माझ्याकडे येणाऱ्या याद्यांत तर १८ वाढलाय, कारण आता मुलींच्या संघांच्याही याद्या येतात आणि त्यांतही पहिला १८ च जातो. विराटचा म्हणून मागणारे वेगळे, स्मृतीचा म्हणून मागणाऱ्या वेगळ्या. काल-परवाच एक वडील मुलीला घेऊन आले होते, लेगस्पिन टाकते म्हणाले. मी विचारलं, नंबर कुठला? ती वडिलांच्या आधी बोलली, "अठरा. स्मृतीदीदीचा."

शेजारी कोल्हापूर आहे, तिथल्या फुटबॉलवाल्यांना विचारा. अर्जेंटिनानं २००२ च्या वर्ल्डकपला मॅराडोनाचा १० बंद करायचं ठरवलं होतं. नंबर क्रमानंच लावावे लागतील म्हणून फिफानं ते होऊ दिलं नाही. पुढे तोच १० मेस्सीकडे आला आणि २०२२ ला त्यानं कप जिंकून दिला. तो नंबर तेव्हा कपाटात गेला असता तर? आज मॅराडोनाचं नाव निघतं तेव्हा मेस्सीचंही निघतं आणि दोघांची शान वाढते. आपल्याकडे सचिननं शेवटची वनडे खेळली १८ मार्च २०१२ ला, मीरपूरला पाकिस्तानविरुद्ध. त्यानं ५२ केल्या आणि विराटनं त्याच मॅचमध्ये १८३. एका पिढीनं दुसरीच्या हातात बॅट दिली ती अशी, भर मैदानात. मग नंबर द्यायलाच एवढी भीती का?

"१० घालून कुणी शून्यावर बाद झाला तर?" असं मला एका मित्रानं विचारलं. होईल की! सचिनही शून्यावर बाद झालाय, वनडेतल्या पहिल्या दोन्ही मॅचमध्ये.

बोर्डानं फार काही करायचं नाहीये. नव्या खेळाडूला जे नंबर मोकळे आहेत म्हणून सांगतात, त्यांत १० आणि ७ परत टाकायचे. विराट वनडेतून थांबेल त्या दिवशी १८ ही तसाच मोकळा ठेवायचा. आणि जो पोरगा १० मागेल त्याच्या पहिल्या मॅचला सचिनला बोलवायचं. जुने खेळाडू नव्याला कॅप देतात तशी ती जर्सी त्यानं स्वतःच्या हातानं त्या पोराला द्यायची. मग बघू कोण त्याला ट्रोल करतंय ते.