‘परदेशात पळाला तो सुटला’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

न्हावा शेवा बंदरात अमली पदार्थ सापडल्याची बातमी आली की नवी मुंबईतील गृहसंस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : देशाबाहेर पळालेला गुन्हेगार कधी परत येत नाही, आलाच तर परदेशी न्यायालये आपल्यावर अपमानास्पद अटी लादतात, आंतरराष्ट्रीय करार कागदावरच राहतात, आणि माल आपल्याच बंदरातून येत असल्यामुळे इथला बंदोबस्त वाढवावा, बाहेरच्यांची मनधरणी कशाला? यामागचा संताप समजण्यासारखा आहे. विधाने मात्र तपासल्यावर टिकत नाहीत.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. अबू सालेम पोर्तुगालहून नोव्हेंबर २००५ मध्ये, छोटा राजन इंडोनेशियातून नोव्हेंबर २०१५ मध्ये, रवी पुजारी सेनेगलमधून फेब्रुवारी २०२० मध्ये आणि तहव्वूर राणा अमेरिकेतून एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. दाऊद इब्राहिम आलेला नाही, पण पाकिस्तानशी आपला प्रत्यार्पण करारच नाही. त्यामुळे ते उदाहरण करार निरुपयोगी असल्याचे नव्हे, करार नसला की काय होते याचे आहे. विजय मल्ल्याचे प्रकरण मात्र मजकूरकर्त्याच्या बाजूचे आहे, हे मान्य केले पाहिजे : लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अनुकूल निकाल देऊनही प्रत्यार्पण वर्षानुवर्षे रखडले. तरीही माणूस अडला म्हणून मालमत्ता अडतेच असे नाही. नीरव मोदी लंडनच्या तुरुंगात असतानाच, जून २०२० मध्ये, त्याच्या आणि मेहुल चोक्सीच्या कंपन्यांचे सुमारे १,३५० कोटी रुपयांचे हिरे-मोती अंमलबजावणी संचालनालयाने हाँगकाँगहून परत आणले.

अटींचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी किंवा आमरण तुरुंगवासाला थारा नाही, म्हणून भारताने डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली की सालेमला मृत्युदंड होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ डांबले जाणार नाही. पुढे ज्या गुन्ह्यांसाठी त्याला सोपवले होते त्यांपलीकडचे आरोप लावले गेले, तेव्हा लिस्बनच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रत्यार्पणच रद्दबातल ठरवले आणि आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती हमी केंद्र सरकारवर बंधनकारक असल्याचे सांगितले. यात नाक कापले गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी आपलाच १९६२ चा प्रत्यार्पण कायदा उघडून पाहावा. ज्या गुन्ह्यासाठी आरोपी मागितला त्याखेरीज अन्य गुन्ह्यांसाठी त्याच्यावर परस्पर खटला चालवला जाणार नाही, अशी तरतूद असल्याशिवाय आपणही कोणाला परदेशाच्या हवाली करत नाही. हमी दिली नसती तर सालेमने तळोजा कारागृहात जी वर्षे काढली, त्यातला एक दिवसही त्याला तिथे काढावा लागला नसता.

करार कागदावरचे असतात, हे खरेच आहे. हे कामच कागदांचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारानुसार, ज्याला भारताने मे २०११ मध्ये मान्यता दिली, बँकेच्या गोपनीयतेचे कारण देऊन दुसऱ्या देशाला मदत नाकारता येत नाही. पण त्यासाठी आपल्याकडून विनंतीपत्र नीट आणि वेळेत जावे लागते, आणि माझ्या मते दुखणे बरेचदा इथेच असते. राज्यांच्या पोलिसांना इंटरपोलशी संबंधित विनंत्या सीबीआयकडे संगणकावरून पाठवता याव्यात यासाठी ‘भारतपोल’ ही व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तोवर पत्र, ई-मेल आणि फॅक्स यांवरच भिस्त होती.

आता बंदर. न्हावा शेव्यातून वर्षाला, वीस फुटी मापाने मोजल्यास, साठ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. प्रत्येक पेटी उघडायची म्हटले तर बंदरच बंद ठेवावे लागेल. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस वाशीत महसूल गुप्तचर संचालनालयाने अडवलेल्या ट्रकमध्ये आयात केलेल्या संत्र्यांच्या खोक्यांत १९८ किलो मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ आणि ९ किलो कोकेन होते. काही दिवसांतच दक्षिण आफ्रिकेहून न्हावा शेव्याला आलेल्या पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून सुमारे एकेक किलोच्या विटांच्या रूपात ५० किलो कोकेन निघाले. वरून पाहता ही नेहमीचीच फळे. हजारोंतून नेमका कोणता कंटेनर उघडायचा हे पाठवणारा कोण, माल कुठून निघाला, आधी काय खबर आली यावर ठरते, आणि यातली बरीचशी माहिती सीमेपलीकडेच असते.

शिवाय माल फक्त येतो, हे गृहीतकही अपुरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले. केनियातील अमली पदार्थांचे तस्कर आकाशा बंधू यांचा बेत तिथले एफेड्रिन मोझांबिकला नेऊन त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनवण्याचा होता आणि या जप्तीमुळे तो फसला, असे अमेरिकी सरकारी वकिलांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात मांडले. केनियाने जानेवारी २०१७ मध्ये त्या दोघांना अमेरिकेकडे सोपवले होते. तिथे गुन्हा कबूल केल्यावर थोरल्याला २५ आणि धाकट्याला २३ वर्षांची शिक्षा झाली.