हॉटपॉट म्हणजे नुसता लाल जाळ नव्हे

'चिनी हॉटपॉट म्हणजे लालभडक तिखट रस्सा. तिखट सोसत नसेल तर घरी घाट घालूच नका,' असा मेसेज फिरतोय. (हॉटपॉट म्हणजे पोळ्यांचा डबा नव्हे, तर टेबलावरच्या उकळत्या रश्शात मांस-भाज्या आपापल्या शिजवून खायचा प्रकार, हेही सांगून टाकते.) मेसेज अर्धाच खरा आहे. नैऋत्य चीनमधल्या छोंगछिंग शहराचा हॉटपॉट तसाच असतो: बैलाची चरबी, सुक्या मिरच्या आणि जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी, म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण. पण बीजिंगला मधोमध धुराडं असलेल्या तांब्याच्या भांड्यात नुसतं पाणी, आलं, कांद्याची पात. मटणाचे कागदासारखे पातळ काप त्यात हलवायचे, रंग पालटला की तिळाच्या दाट चटणीत बुडवायचे. चव सगळी तिथे. पाहुण्यांत दोन्ही पंथ असतील तर मधे पडदा असलेलं 'युआनयांग' भांडं मिळतं. एकीकडे तिखट, दुसरीकडे पांढरा रस्सा.

'खऱ्या चवीसाठी कोळसाच हवा' असंही त्या मेसेजमध्ये आहे. बंद फ्लॅटमध्ये मुळीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंडक्शन पुरे. आणि कच्चं मांस उचलायच्या चॉपस्टिक्स वेगळ्या ठेवा.