आयर्विनला पाणी किती?

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा सांगलीच्या पुराचा तोच वाद. "२०१५ ला स्मार्ट सिटीच्या यादीत सांगली असती तर ही पाळी आली नसती. महापालिकेच्यानं काही होत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीच्या हातात शहर द्या, नदीवर सेन्सर बसवू देत." मी लिहिलं, अरे, असं नसतंय. लगेच उत्तर, "तू टोरांटोत बसून सांगू नको."

टोरांटोत बसूनच सांगणार, कारण हे मी इथं बघितलंय. २०१७ च्या ऑक्टोबरात साइडवॉक लॅब्ज या गुगलच्या भावंड कंपनीनं तळ्याकाठच्या १२ एकरांवर नवी वस्ती उभारायचं जाहीर केलं. रस्तोरस्ती सेन्सर, बर्फ वितळवणारे गरम फुटपाथ. लोक एकच विचारत राहिले, आमच्या येण्याजाण्याची माहिती कुणाच्या मालकीची? मे २०२० मध्ये कोरोनाकाळातल्या अनिश्चिततेचं कारण देऊन कंपनी निघून गेली. शेजारीच पुराचं पाणी वाहून जावं म्हणून सरकारी पैशातून डॉन नदीला नवं मुख खणून दिलं. २०२४ पासून त्यातून पाणी वाहतंय.

माझ्या घराजवळची नदी हंबर. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल वादळात तिच्या काठच्या रेमोर ड्राइव्ह या एका रस्त्यावरची ३५ माणसं गेली. त्यानंतर तिथं घर बांधू दिलं नाही, बाग केली. मी कुत्र्याला घेऊन रोज तिथंच जातो. पाणी चढलं तर गवत बुडतं, माणूस नाही.

आपल्याकडं पाणी किती, हे सांगायला यंत्र कशाला हवं? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे आकडे शाळकरी पोरालाही पाठ. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं, तेव्हाही तासातासाला कळतच होतं की. पूररेषेच्या आत भराव टाकून आपणच घरं बांधली होती, तिथं नुसतं कळून काय करणार? आणि नदीच्या जागेत प्लॉट पाडू नका, असं कुठली कंपनी सांगेल? सोडलेल्या जागेतून कंपनीला काय मिळणार?

'आपणच' म्हणतो, कारण आमचंही घर त्यातलंच. स्वस्तात मिळाला म्हणून बाबांनी प्लॉट घेतला. त्या ऑगस्टात मी इथून फोनवर विचारत होतो, "आता कितवी पायरी?" बाबा टॉर्च मारून सांगायचे, "सहावी." मग थोड्या वेळानं, "सातवी." पुढं घराला रंग दिला, तरी कपाटामागची गाळाची रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

बाबा गेल्यापासून घर बंद आहे. गेल्या महिन्यात एका बिल्डरचा फोन आला. "दादा, चार फूट भराव टाकतो, वर मजले चढवतो. एक फ्लॅट तुमचा." ग्रुपवर मी एवढा भांडलो, पण त्याला अजून नाही म्हटलेलं नाही. तो फ्लॅट नसेल, तर सांगलीत उतरल्यावर मी जायचं कुणाकडं?